सोडून गेलेले किती?

चष्मेवाल्यांनी राजकारणात एकोणीस वर्षं घालवली आणि कायदा केला मोजून एक. त्यांच्याबरोबर निवडून आलेल्यांच्या नावावर पूल आहेत, दवाखाने आहेत, एकाच्या नावावर तर अख्खा विमानतळ आहे, जिथे आठवड्यातून एकदा विमान उतरतं आणि तेही रिकामं. चष्मेवाल्यांच्या नावावर साधी मोरीसुद्धा नाही. पण पंथांचा कायदा म्हटलं की लोकांना त्यांचाच चेहरा आठवायचा. बंद फाटकांच्या वसाहती, भोंदू गुरू, तरुण पोरांना घरातून फूस लावून नेणारी मंडळी, या सगळ्यांना वेसण घालणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना आवडायची. का आवडू नये? आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली असेल, तर माणसानं ती थोडी मिरवावी.

मूळ धंदा चष्म्यांचा. मतदारसंघातल्या निम्म्या नाकांवर त्यांनीच बसवलेले चष्मे होते. त्यामुळे पडलेला उमेदवार दर वेळी म्हणायचा, "यांनी दिलेल्या चष्म्यातून लोकांना दुसरं चिन्ह दिसतच नाही." निवडून आल्यावरही त्यांनी दुकान मोडलं नाही. दर शनिवारी सकाळी ते दुकानातल्या तपासणीच्या खोलीत बसत आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकत. पाहुण्यासाठी खुर्ची एकच, तपासणीची, वरखाली होणारी. तिच्यात बसलं की समोर अक्षरांचा तक्ता यायचा. बरेच जण रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तावातावाने बोलता बोलता तक्त्याची शेवटची ओळ वाचायचा प्रयत्न करत.

हा कायदा कशातून आला, तेही सांगितलं पाहिजे. बावीस वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांचा धाकटा भाऊ 'महाकुटुंब' नावाच्या पंथात गेला. एकोणीस वर्षांचं डावखुरं पोर. एक पिशवी उचलली, "रविवारी येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. चष्मेवाले तीनदा त्या पंथाच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत गेलेल्या माणसाचं ते नाव बदलतात. त्यामुळे फाटकावरचा माणूस अगदी शांतपणे सांगायचा, "या नावाचं इथे कुणी नाही." आई पुढची अकरा वर्षं रविवारी घराबाहेर पडली नाही. ती गेली तेव्हा चष्मेवाल्यांनी रजिस्टर पत्र पाठवलं. पोचपावती आली, माणूस आला नाही. तो आहे की नाही, हेच तेव्हापासून घरात कुणाला माहीत नव्हतं. गेलेल्या माणसासाठी निदान रडून घेता येतं. इथे तीही सोय नव्हती.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी कायदा झाला. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात गुन्हे: माणसाला कोंडून ठेवणं, आजाऱ्याचं औषध बंद करायला लावणं, धाक घालून सह्या घेणं. दुसऱ्या भागात यादी. प्रत्येक पंथाने अठ्ठावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा, उत्तरांना गुण पडायचे, नऊ किंवा त्याहून जास्त गुण झाले की पंथ यादीत. यादीतल्या पंथाच्या माणसाला शाळेत, दवाखान्यात, पाळणाघरात काम करायला मनाई, आणि सुईणीसारख्या कामाचा परवाना संपला की नवा नाही. ते प्रश्न चष्मेवाल्यांनी आईच्या रिकाम्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि प्रत्येक प्रश्न लिहिताना डोळ्यांसमोर धाकटा होता. कायद्याची मुदत दहा वर्षांची. ती आता संपत आली होती. मुदतवाढीचं विधेयक गुरुवारी मतदानाला यायचं होतं, आणि सरकारचं बहुमत होतं दोन मतांचं. म्हणजे दोघांना सर्दी झाली तर सरकारला ताप येणार, अशी परिस्थिती.

त्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी सुईणबाई आल्या.

पंचावन्नच्या आसपास वय, नखं बारीक कापलेली, मनगटावर सेकंदकाट्याचं मोठं पुरुषी घड्याळ. खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"साहेब, एक दुरुस्ती करून घ्यायची होती."

"कुठल्या रस्त्याची?"

"रस्त्याची नाही, फॉर्मची. आम्ही लॉन्ड्रीवाले."

चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. लॉन्ड्रीवाले त्यांना माहीत होते, म्हणजे नावाने. नदीकाठी एक बंद पडलेली मोठी लॉन्ड्री होती, तिच्यात चाळीसेक माणसं एकत्र राहायची. त्यांचा गुरू नाही, ग्रंथ नाही. सकाळी तासभर गप्प बसायचं, सगळं सामाईक ठेवायचं आणि खोटं बोलायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. तीन वर्षांपूर्वीच्या फॉर्मात त्यांना दहा गुण पडले आणि ते यादीत गेले. आता बाई यादीतून नाव काढा म्हणून रडणार, असं चष्मेवाल्यांनी गृहीत धरलं आणि ठरलेलं उत्तर जिभेवर आणून ठेवलं.

बाईंनी घडी घातलेला अर्ज पुढे केला. सरळ, गोल अक्षर. 'प्रश्न चौदा: आजवर सोडून गेलेले किती? आमचं उत्तर दोन होतं, ते तीन वाचावं. प्रश्न पंधरा: सोडून गेलेल्यांशी आज संबंध आहेत का? आमचं उत्तर हो होतं, ते "दोघांशी आहेत, तिसरीशी नाहीत" असं वाचावं.'

चष्मेवाल्यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, तुम्हाला कल्पना आहे ना, पंधराव्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की एक गुण वाढतो? तुमचे अकरा होतील."

"हो, मागे छापलंय ते."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?"

"उत्तर चुकलंय ना साहेब," बाई म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मग त्यांनी सांगितलं. ती तिसरी म्हणजे त्यांची मुलगी. भांडून नव्हती गेली. शहरात नोकरी लागली, पहिल्यांदा महिन्याला पत्र यायचं, मग पत्ता बदलला, मग बाईंचीच पत्रं परत यायला लागली. "आमच्यात सात वर्षं होईपर्यंत माणूस 'गेला' असं म्हणत नाहीत. 'बाहेर आहे' म्हणतात. त्याचा पलंग तसाच ठेवतात. भांडी घासायच्या पाळीच्या फळ्यावर त्याचं नाव राहतं आणि त्याची पाळी कुणीतरी त्याच्या नावाने करतं. तिची मी करायचे. मंगळवारी सात वर्षं झाली. फळ्यावरचं नाव पुसलं. म्हणजे मीच पुसलं. तर आता ती गेलेल्यांत धरायला हवी."

खोलीत दिवा मंद ठेवायची चष्मेवाल्यांना सवय होती, त्याचा त्या वेळी उपयोग झाला. मग त्यांनी विचारलं, "तुमचं काम चालू आहे ना?"

"तीस तारखेपर्यंत. मग परवाना संपतो. यादीत असल्यामुळे नवा मिळणार नाही म्हणाले. सव्वीस वर्षं झाली बाळंतपणं करतेय, आता बसायलाही हरकत नाही. पण तीन बायकांचे दिवस भरत आलेत, त्यांना कुणाकडे सोपवायचं ते बघतेय. त्यातली एक फार घाबरट आहे."

यादीच्या समितीचा अध्यक्ष म्हणून एखाद्या व्यक्तीला सूट देण्याची शिफारस चष्मेवाल्यांना करता यायची. त्यांनी तसं सांगितलं. फक्त एक ओळ लिहून द्यायची, की मी या पंथाची सभासद नाही.

"पण मी आहे ना," बाई म्हणाल्या.

"कागदापुरतं हो!"

बाईंना त्यांच्याबद्दल वाईट वाटल्याचं दिसलं. चूक केलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं, अर्ज टेबलावर नीट ठेवला आणि त्या गेल्या.

रविवार चष्मेवाल्यांनी धुसफुसत काढला आणि सोमवारी ते तडक यादीच्या खात्यात जाऊन धडकले. तिथला कारकून दहा वर्षं त्याच खुर्चीत होता. "यादीतल्या एकतीसही पंथांचे फॉर्म काढा," चष्मेवाले म्हणाले, तेव्हा त्याने आधी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"भरलेले?"

"मग काय कोरे?"

"नाही, दहा वर्षांत भरलेले कुणी मागितले नाहीत, म्हणून विचारलं. आपण नेहमी बेरजेचा तक्ता नेता."

हे खरं होतं. दुकानात चष्मेवाल्यांनी कधी दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून चष्मा दिला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, स्वतः डोळा तपासल्याशिवाय काच कापायला घ्यायचे नाहीत. आणि इथे दहा वर्षं ते बेरजेवर विसंबून राहिले होते.

फॉर्म निघाले. एकतीसपैकी सत्तावीस हाताने भरलेले. निळी शाई, काळी शाई, एक तर पेन्सिलीने. लॉन्ड्रीवाल्यांचा वरच होता. 'सभासद आपली मिळकत पंथाला देतात का?' 'हो. सगळी.' 'प्रमुखाच्या परवानगीशिवाय सभासद बाहेर मुक्काम करू शकतो का?' 'प्रमुख नाही. पण सांगून गेलेलं बरं, स्वयंपाकाचा अंदाज चुकतो.' या उत्तरालाही एक गुण पडला होता. कारकुनाने शेजारी लाल शाईत बरोबरची खूण करून ठेवली होती.

"आणि महाकुटुंबाचा?"

कारकुनाने कपाटातून जाड बाड काढलं. साठ पानं, टाइप केलेली, प्रत्येक पानावर वकिलाचा शिक्का. 'सभासद आपली मिळकत पंथाला देतात का?' 'लागू नाही. संबंधित व्यक्ती स्वेच्छेने सेवाकरार करतात. जोडपत्र सात पाहावे.' 'सोडून गेलेले किती?' 'लागू नाही. संस्थेस सभासद नसून सहयोगी आहेत.' असे अठ्ठावीस 'लागू नाही'. गुण शून्य. महाकुटुंब पहिल्या वर्षी यादीत होतं. दुसऱ्या फेरीला सुटलं. तेव्हा चष्मेवाल्यांनी संतापून प्रश्न आणखी बारीक करून घेतले होते. जाळं जितकं बारीक विणलं तितक्या जास्त चिंगळ्या अडकल्या. मोठा मासा बाहेरच पोहत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, जे वकील करतात ते सुटतात, जे स्वतः भरतात ते सापडतात. हे शिपायालाही माहीत आहे," कारकून म्हणाला. "पण आपला एवढा नावाजलेला कायदा. मी कोण सांगणारा?"

मंगळवारी चष्मेवाले पक्षप्रमुखांना भेटले. पक्षप्रमुख बोलायला अतिशय गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी फळ्यावरचं नाव पुसल्याचंही, आणि हळहळले.

"सुईणबाईंचं आपण बघू. पण यादी काढायची नाही. अहो, लोकांना कलमं कळत नाहीत, यादी कळते. यादी काढली तर कायद्यात उरलं काय?"

"गुन्हे उरतात. कोंडलं तर शिक्षा, औषध तोडलं तर शिक्षा. ज्याने केलं त्याला."

"ते सिद्ध करावं लागतं," पक्षप्रमुख म्हणाले. "यादीत तसं काही लागत नाही. फार सोयीची आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

पक्षप्रमुखांनी खिडकीबाहेर बघितलं. "निवडणूक आठ महिन्यांवर आहे. तुमच्या मतदारसंघासाठी तीन जण येऊन गेलेत. मी त्यांना म्हटलं, चष्मेवाले असेपर्यंत विचारसुद्धा करायचा नाही." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने चष्मेवाल्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

घर आणि दुकान एकाच इमारतीत असल्यामुळे बुधवारी चष्मेवाले दुपारी जेवायला घरीच होते. राजधानी गाडीने तासाभरावर. दुरुस्तीची सूचना द्यायची तर संध्याकाळी पाचपर्यंत सभागृहाच्या कचेरीत पोचवायला हवी होती. ताटाशेजारी त्यांनी कोरा फॉर्म ठेवला होता आणि जेवणात लक्ष नव्हतं. बायकोने तो ओढून घेतला. त्या दोघांच्या संसारात पस्तीस वर्षं बोलायचं काम तिचं आणि ऐकल्यासारखं करायचं काम त्यांचं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "द्या पेन्सिल. तुमच्या पक्षाचा भरते."

"अगं, काहीतरीच काय!"

"सभासद मिळकतीतला हिस्सा देतात का? हो, पगारातून कापूनच घेतात. प्रमुखाच्या चुकीबद्दल उघड बोलता येतं का? तुम्हीच सांगा. बरं राहू दे, नका सांगू. सोडून गेलेल्यांना नावं ठेवतात का? अहो, तुमच्या त्या पुलावाल्याने पक्ष सोडला, तर दुसऱ्या दिवशी पुलावरची पाटी काढलीत तुम्ही लोकांनी!" तिने बेरीज केली. "तेरा. लॉन्ड्रीवाल्यांपेक्षा दोन जास्त. आपला तो बाब्या, दुसरं काय!"

चष्मेवाले चार दिवसांत पहिल्यांदा हसले. बायकोला उत्साह आला. तिने पेन्सिलीने लिहिलेलं सगळं खोडलं आणि म्हणाली, "आता आपल्या घराचा भरू." दोन-तीन उत्तरं तिने भराभर लिहिली, नवऱ्याला टोमणे मारत मारत. मग तिची पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. जेवा, गार होतंय."

तिने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. पेन्सिल चौदाव्या प्रश्नावर थांबली होती. चष्मेवाल्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, हात धुतले आणि गाडी काढली. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी सूचना दिली: परिशिष्ट 'यादी' वगळण्यात यावे.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. सत्तारूढ बाजूच्या प्रतोदाने सकाळपासून चष्मेवाल्यांना चारदा गाठलं. आधी विनवण्या, मग शिव्या, शेवटी नुसतंच हात जोडणं. पक्षाचा आदेश दुरुस्तीच्या विरोधात होता. त्यांची पाळी आली तेव्हा विरोधी बाकांवरचे लोक मजा बघायला पुढे सरकून बसले होते. कायद्याचा बापच कायदा कापायला उठतोय, असा तमाशा रोज होत नाही.

"अध्यक्ष महोदय," चष्मेवाले म्हणाले, "मी एका पंथाने भरलेला फॉर्म वाचून दाखवतो. नाव शेवटी सांगतो. सभासद किती? आता दोन. पूर्वी चार होते. सभासदांची मिळकत एकत्र असते का? हो. बाहेर मुक्काम करायचा तर सांगून जावं लागतं का? हो. न सांगता गेल्यास? चार दिवस बोलणी खावी लागतात."

विरोधी बाकांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "टाका त्यांना यादीत!"

"बाहेरच्या लोकांना आपलं दुःख कळत नाही, असं सभासदांना वाटतं का? हो. मोठ्यांनी ठरवलेलं धाकट्यांनी ऐकावं, असा दंडक आहे का? होता." इथे त्यांनी पाणी प्यायलं. "सोडून गेलेले किती? एक. त्याच्याशी आज संबंध आहेत का? नाही."

हशा थांबला.

"का नाहीत, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही. ती जागा मीच ठेवली नाही, कारण 'नाही' म्हणणारा माणूस दार बंद करून बसलेला असणार, अशी माझी खात्री होती. तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलेला माणूसही 'नाही'च लिहितो, हे मला सुचलं नाही. महोदय, एकूण गुण दहा. हा पंथ माझं घर आहे. नियमाप्रमाणे आम्ही यादीत बसतो. आमच्या शेजारी यादीत एक सुईणबाई आहेत. स्वतःचा एक गुण वाढवून घ्यायला त्या शनिवारी माझ्याकडे आल्या होत्या. ज्यांच्यासाठी मी ही यादी केली, ते मात्र तिच्यात नाहीत. मी दहा वर्षं चुकीचा नंबर दिला. यादी काढा, गुन्हे ठेवा. एवढंच."

दुरुस्ती सहा मतांनी मंजूर झाली; सत्तारूढ बाकांवरच्या आणखी तिघांनीही आदेश मोडला. विरोधकांतल्या काहींनी सरकारची फजिती व्हावी म्हणून मत दिलं, काहींनी मनापासून दिलं. मतांच्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही. मग उरलेला कायदा मंजूर झाला. पक्षप्रमुखांनी चष्मेवाल्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, तेव्हाच चष्मेवाल्यांनी ओळखलं की आपला कारभार आटोपला. सहा महिन्यांनी उमेदवारांची नावं लागली, त्यात त्यांचं नव्हतं.

सुईणबाईंना परवाना पुढच्या महिन्याच्या चार तारखेला मिळाला. मधल्या चार दिवसांत तिघींपैकी एक मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली; ती घाबरट मात्र बाईंसाठी थांबली. पुढच्या शनिवारी बाई आल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, आभार मानायला. पण त्यांचं काम वेगळंच होतं.

"ती दुरुस्ती नोंदवली का साहेब?"

"अहो बाई, यादीच गेली. फॉर्म रद्दीत जाणार सगळे."

"तरी चूक राहील ना त्यात."

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने अर्ज शोधून काढला, त्यावर 'नोंद घेतली' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि दुकानाचा शिक्काही मारला. बाईंचं समाधान झालं. उठताना त्या म्हणाल्या की मुलीचा पलंग नव्याने आलेल्या एका आजोबांना दिलाय आणि ते फार घोरतात.

सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. महाकुटुंबाने चष्मेवाल्यांचं भाषण उचललं. 'दहा वर्षं चुकीचा नंबर दिला' हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून त्यांनी पत्रकं वाटली आणि खाली लिहिलं, 'आमच्या बदनामीची कबुली'. ते पत्रक दुकानाच्या काचेवरही कुणीतरी चिकटवलं. चष्मेवाल्यांनी ते ओल्या फडक्याने खरवडून काढलं, पण त्या दिवशी त्यांनी कुणाचे डोळे तपासले नाहीत. ज्या माणसांनी भाऊ नेला, त्यांच्याच हातात आपण कोलीत दिलं, हे त्यांना सोसवत नव्हतं. बायकोपाशी ते एकदाच बोलले, "आईला काय वाटलं असतं गं?" बायकोने त्यांचं ताट वाढायला घेतलं.

उमेदवारांची नावं लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी टपाल आलं. पोस्टमन नवा होता, पाकीट घेऊन तो दुकानाला वळसा घालून मागे गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजवली. बायको पाकीट घेऊन पुढे आली.

"महाकुटुंबाचं आहे," ती म्हणाली. "आणखी काय डागण्या द्यायच्यात यांना? उघडू नका. टाका तसंच."

चष्मेवाल्यांनी उघडलं. आत उंची कागदावर टाइप केलेल्या चार ओळी होत्या. माननीय महोदय, सभागृहात आपण दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल संस्था आपली आभारी आहे. आपल्या पुढील आयुष्यास शुभेच्छा. खाली जनसंपर्क विभाग, आणि कुणा परक्याचं भारदस्त नाव.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पाकीट हातात घेतलं. ते सभागृहाच्या पत्त्यावर आलं नव्हतं. पत्ता टाइप केलेला नव्हता, हाताने लिहिला होता, डावखुऱ्या माणसाच्या मागे कललेल्या अक्षरांत. दुकानाचं नाव, रस्ता, गाव, आणि सगळ्यात खाली, कंसात: मागच्या दाराने द्यावे.

आईला गिऱ्हाइकांसमोर पत्रं घेतलेली खपायची नाहीत, म्हणून ती सगळ्या नातेवाइकांना ही ओळ लिहायला लावायची. ती गेल्यापासून ही ओळ कुणी लिहिली नव्हती. नात्याबाहेरच्या कुणाला ती माहीत असायचं कारणच नव्हतं.

बायको चार ओळी वाचून फणफणत होती. "एवढं झालं, आणि वर आभार! एक शब्द माणुसकीचा नाही. काय लिहिलंय यात? काहीच नाही!"

चष्मेवाल्यांनी पाकीट तिच्यासमोर धरलं. बोट त्या शेवटच्या ओळीखाली होतं.

"आहे गं," ते म्हणाले. "जिवंत आहे."